तळघरातल्या कंदांबाबत

नाव वर लिहून घेतलं आहे, ते पुन्हा सांगत नाही. वय अडुसष्ट. धंदा कपडे बेतून शिवण्याचा, आता नजरेमुळे फक्त दुरुस्तीची कामं घेते. राहणार दवाखान्यासमोरची इमारत, दुसरा मजला, एकटी. ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून विचारलं तेवढं सांगते, आणि थोडं न विचारलेलंही, कारण त्याशिवाय विचारलेल्याचा उलगडा होणार नाही. लिहून घेणाऱ्या बाई मला आजी म्हणत होत्या. काकू म्हटलं तरी चालेल, असं त्यांना सांगितलं आहे.

गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या इमारतीच्या तळघराचं दार पोलिसांनी तोडलं. आत मी होते. तक्रार तळमजल्यावर एकटे राहणाऱ्या निवृत्त मास्तरांची होती. माझ्याजवळ एक लाकडी खोकं, सुरी आणि पिवळ्या पुडीची पिशवी मिळाली, ती जप्त केली. खोक्यात डेलियाचे कंद आहेत. रताळी नाहीत. हवालदारांनी दोनदा विचारलं म्हणून सांगते.

इमारतीच्या मागे जमिनीची पट्टी आहे, तिथे आमचे हे डेलिया लावायचे. हे म्हणजे कोण, असं बाईंनी विचारलं. हे म्हणजे माझे पती. लिफ्ट दुरुस्त करायचे. यंदा कंद लावून झाले आणि उन्हाळ्यात ते गेले. झाडं त्यांच्यामागे फुलली, नेहमीचीच, काळपट लाल. लग्नाच्या वर्षी कोणीतरी दिलेल्या एका कंदापासून वाटून वाटून वाढवलेलं हे वाण आहे, तसलं फूल मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. यंदा एकही फूल मी घरात आणलं नाही.

डेलियाला थंडी सोसत नाही. पहिल्या कडाक्याने पानं काळी पडली की झाड बुडाशी कापायचं, कंद उकरून धुवायचे, उलटे ठेवून निथळू द्यायचे. मग सुटे करायचे, कापल्या जागी गंधकाची पूड लावायची आणि लाकडाच्या भुशात घालून तळघरात ठेवायचे. पिवळी पूड ती हीच. थंडीभर अधूनमधून चाचपून बघावं लागतं. नासका असेल तर फेकायचा, सुरकुतला असेल तर पाण्याचा हबका मारायचा.

हे काम आम्ही दोघं रविवारी संध्याकाळी करायचो. आमचे हे घरात बोलायचे नाहीत. जेवण आवडलं तरी हं, नाही आवडलं तरी हं. तळघरात मात्र कंद हातात फिरवता फिरवता आठवडाभराचं सगळं बाहेर यायचं, कोण लिफ्टमध्ये अडकलं, कोणी आतून शिव्या घातल्या. मी म्हणायचे, "वर तोंडाला कुलूप, आणि इथे बघा." तर म्हणायचे, "अगं, हात रिकामे असले की मला काही सुचतच नाही."

यंदा मी एकटीच खाली जाते आणि मी बोलते. कोणाशी, असा प्रश्न आहे. समोर कोणी नव्हतं, कोणाला लपवलेलंही नाही. बोलताना मी मधेमधे थांबते, हे मास्तरांचं म्हणणं खरं आहे. आमच्या यांना बोलायला तेवढी जागा सोडायची मला सवय आहे.

साहेब म्हणाले, मुद्द्यावर या. मुद्दा हाच आहे. कंद सुटे करायचं काम कायम यांचं होतं. यंदा ते मी केलं. जन्मभर कापड बेतलं, मला कापायला कोण शिकवणार, अशा तोऱ्यात केलं. कंदांच्या लांबुळक्या माना वेड्यावाकड्या दिसत होत्या, त्या छाटल्या आणि सगळे एका मापाचे करून टाकले. फार सुबक दिसत होते.

त्या रविवारी खोक्याच्या तळाशी मागल्या वर्षीचा एक वाळून खडंग झालेला कंद सापडला, यांच्या हातचा. त्याला मान होती आणि मानेला जुन्या देठाचा तुकडा मुद्दाम ठेवलेला होता. त्या सांध्यावर वाळलेला कोंब होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बटाट्यासारखे याला अंगभर डोळे नसतात. डोळा मानेच्या टोकाला असतो, आणि माना मी केरात टाकल्या होत्या. नुसते कंद जपून उपयोग नाही, त्यांतून काही उगवत नाही. लग्नापासूनचं वाण माझ्या हातून संपलं.

मग मी बोलले नाही. काय तोंडाने सांगणार होते? दाराला कडी होती, कारण दार वाऱ्याने उघडतं आणि गारठा आत शिरतो. दार वाजलेलं ऐकलं, पण उठावंसं वाटलं नाही. सुरी एका कंदाला काप देऊन आत जीव आहे का ते बघायला घेतली होती. स्वतःला काही करून घेण्याचा विचार नव्हता. जगण्याची फार हौस वाटत होती असंही नाही. हे लिहू नका म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "काकू, बोललात ते लिहावं लागतं."

मास्तरांचा मला राग आला होता. आवाजाचा त्रास होत होता तर येऊन सांगायचं, थेट पोलीस कशाला? आज त्यांची तक्रार मला वाचून दाखवली. त्यांची खोली तळघराच्या बरोबर वर आहे. रविवारी माझा आवाज सुरू झाला की ते रेडिओ बंद करून ऐकत बसायचे, असं त्यांनी सांगितलं आहे. त्या दिवशी दाराखालून उजेड दिसत होता, पण आवाज नव्हता. हाका मारल्या, दार ठोठावलं, मी ओ दिली नाही. म्हणून त्यांनी फोन केला.

जप्त खोकं इतके दिवस ठाण्यात हीटरशेजारी होतं. ओळख पटवायला ते आज माझ्यासमोर उघडलं. एवढ्या सुबक कापणीत एक कंद माझ्या हातून वाकडा गेला होता, त्याची मान थोडी राहिली होती. तिच्यावर मुगाएवढा लाल डोळा आला आहे. तो बघून मी रडले. जबाब थोडा वेळ थांबवला होता. बाईंनी पाणी दिलं. बघा, आला, असं म्हणायला मी बाजूला वळले, तर तिथे हवालदार होते.

खोकं, सुरी आणि पूड परत मिळाली. दाराला नवी कडी बसवून द्यावी. मास्तरांविरुद्ध माझं काही म्हणणं नाही.

हे सगळं मला वाचून दाखवलं, मी बोलले तसंच उतरलं आहे, सही करते. सहीच्या वर एवढं जोडून घ्यावं की रविवारी मी तळघरात जाणार आहे, यांना डोळ्याचं सांगायचं आहे. आवाज आला तर मास्तरांनी खुशाल ऐकावा. नाही आला तर पुन्हा फोन करावा.