सातवा बदल

आवृत्ती १

टिल्लू : शटर कशाला ओढलंत भाऊजी? आत वारा येत नाही मग.

भाऊजी : तुला कशाला हवाय वारा? बस.

टिल्लू : कुठं बसू?

भाऊजी : या गाडीत. आमच्या गाडीसारखीच आहे ना ही? रंग तेवढा वेगळा.

टिल्लू : गिऱ्हाइकाची आहे. चार वाजता न्यायला येणारेत. आणि तो घण आधी खाली ठेवा ना. पत्र्याला लागला तर माझा पगार जाईल.

भाऊजी : घण हातात असला की मला बोलायला सुचतं. वीस वर्षं पाडकाम करतोय मी. लोक पेन फिरवतात, मी हा फिरवतो. बस म्हणतो ना!

गाडी : नमस्कार. दार उघडे आहे.

भाऊजी : हिचं काय मधेच?

टिल्लू : ती बोलतेच. दार लावेपर्यंत सांगत राहते.

भाऊजी : सांगू दे. घरात एक तरी खरं बोलणारं असावं. बाकीचे सगळे जेवायला गेलेत?

टिल्लू : हो. अर्ध्या तासात येतील.

भाऊजी : पुष्कळ झाला. एवढ्या वेळात मी अख्खा जिना पाडतो, वरून खालपर्यंत. चल, सांग. त्या शुक्रवारी आमची गाडी इथं आली, तिथून.

टिल्लू : शंभरदा सांगून झालंय. साडेदहाला गाडी आली. अपडेट टाकलं. धुतली. दीड वाजता शाळा सुटल्यावर ताई येऊन घेऊन गेली. अपघात झाला सोमवारी. त्यात आमच्या वर्कशॉपचा काय संबंध? मला वाईट वाटत नाही का? माझी बहीण आहे ती.

भाऊजी : आणि ते 'समजलं'?

टिल्लू : कुठलं समजलं?

भाऊजी : हे.

टिल्लू : आई गं! भाऊजी! अहो, दात... दात पडला माझा!

भाऊजी : उचल तो. गिऱ्हाइकाच्या गाडीत नको. आणि घण नव्हता हा, नुसता हात होता. ही तुझी पहिली आवृत्ती झाली, ती मोडीत निघाली. आता तुला अपडेट मारलंय. पुन्हा बोल.


आवृत्ती २
नवीन काय : एक दात कमी

टिल्लू : 'समजलं' म्हणजे पडद्यावरचं बटण. अपडेट टाकलं की गाडी दाखवते, काय काय बदललं. चालवणाऱ्यानं ते शेवटपर्यंत वाचायचं, मग बटण दाबायचं. त्याशिवाय गाडी जागची हलत नाही.

भाऊजी : कोणी दाबलं?

टिल्लू : नोंदीत आहेच. 'चालकाने स्वीकारले.'

भाऊजी : किती वाजता?

टिल्लू : मला पाठ आहे का?

भाऊजी : मला आहे. अकरा बेचाळीस. सरकारी वकील त्याच ओळीवर नख ठेवून बसलाय. म्हणतो, बाईंना माहीत होतं गाडी आपणहून हळू होणार नाही. वाचलं होतं, समजलंही होतं. तरी हात मांडीवर ठेवून बसल्या आणि एक माणूस मारला. अकरा बेचाळीसला तुझी बहीण कुठं होती रे?

टिल्लू : शाळेत असेल.

भाऊजी : 'असेल' नाही, होती. आज सकाळी जाऊन हजेरीचं पुस्तक पाहून आलो. साडेअकरा ते सव्वाबारा, चौथी ब. तिच्या हातची सही आहे. चौतीस पोरं समोर बसली होती. आणि गाडी होती इथं, तुझ्या हातात.

टिल्लू : मग... मग हे वकिलाला सांगा ना. मला कशाला मारता?

भाऊजी : आपल्या वकिलाला सांगितलं. तो म्हणाला, बाईंना बोलू द्या. आणि बाई काय म्हणतात माहितीय? म्हणे पुस्तक चुकलं असेल. म्हणे मला आठवतंय, मीच दाबलं. पाच आठवडे एकच पालुपद. मी समजावतो, डॉक्टर समजावतो, मुख्याध्यापिका घरी येऊन समजावून गेली. ढिम्म हलत नाही. कुणी भरवलंय तिच्या डोक्यात, देव जाणे. उद्या अकरा वाजता ती गुन्हा कबूल करून सही करणार आहे. डाव्या हातानं.

टिल्लू : डाव्या का?

भाऊजी : उजव्याचं पहिलं बोट राहिलं नाही म्हणून.

टिल्लू : काय बोलताय?

भाऊजी : परवा दुपारी. न्हाणीचं दार आहे ना आमचं, लोखंडी चौकटीचं, मीच बसवलेलं? त्या फटीत बोट धरलं आणि दार ओढलं. दोनदा. पहिल्यांदा नीट बसलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा. ओरडली नाही. मी आवाज ऐकून आलो, तर रक्त फरशीवरून मोरीकडं चाललेलं, आणि ही मला सांगते, "या बोटानं दाबलं होतं."

टिल्लू : ताईनं... मला कुणी कळवलं नाही.

भाऊजी : तू येतोस कुठं कळवायला? पाच आठवड्यांत एकदा आलास, ते अपघातानंतर दवाखान्यात. दहा मिनिटं. बाहेर आलास तेव्हा तोंड धुतल्यासारखं पांढरं होतं. मला वाटलं, भाऊ आहे, जीव तुटला असेल. ऊठ. खाली उतर. हात आण इकडं.

टिल्लू : भाऊजी, नको.

भाऊजी : उजवा. दाराच्या फटीत ठेव. सगळा पंजा. माझ्या घरातली फट तू पाहिली नाहीस ना, मग तुझ्या इथली बघ.

गाडी : दार उघडे आहे.

भाऊजी : बघ, तीही म्हणते.


आवृत्ती ३
नवीन काय : हात दाराच्या फटीत

टिल्लू : सांगतो! सांगतो, दार धरून ठेवा फक्त. मी दाबलं. मीच. बाहेर धुणारा हॉर्न मारत होता. त्या दिवशी चौदा गाड्या होत्या. प्रत्येकीला ती यादी येते, बटण दाबल्याशिवाय गाडी धुवायला नेता येत नाही. गिऱ्हाईक तर संध्याकाळी उगवतं. मग आम्हीच दाबतो. सगळेच दाबतात. साहेबांना माहीत आहे. आमच्यात पैज असते, कोण कमी वेळात दाबतो. माझा विक्रम चार सेकंदांचा आहे.

भाऊजी : चार सेकंदात काय वाचतोस?

टिल्लू : काही नाही. बोटानं वर सरकवायचं, खाली बटण येतं.

भाऊजी : या गाडीत टाकलंय ते अपडेट?

टिल्लू : आत्ताच टाकलं. बटण दाबायचं राहिलंय.

भाऊजी : मग वाच. डाव्या हातानं सरकव. मोठ्यानं वाच. मला ऐकायचंय, माणूस किती ओळींत मरतो.

गाडी : या आवृत्तीत अकरा बदल आहेत. कृपया शेवटपर्यंत वाचा.

टिल्लू : एक. आसन गरम करण्याचे चिन्ह आता लाल दिसेल. दोन. हॉर्नचे तीन नवे आवाज. तीन... चार्जिंगचा टक्का मोठ्या अक्षरांत.

भाऊजी : हळू. चार सेकंद संपले तुझे.

टिल्लू : चार. मागच्या काचेचा पडदा. पाच. गाणी शोधणे सोपे झाले. सहा. पडद्यावर पावसाचे नवे चित्र. सात...

भाऊजी : हं.

टिल्लू : सात. रस्त्याच्या कामाचे शंकू दिसल्यास गाडी यापुढे स्वतः वेग कमी करणार नाही. सूचनेचा आवाज देऊन ताबा चालकाकडे सोपवील.

भाऊजी : पुन्हा.

टिल्लू : ताबा चालकाकडे सोपवील.

भाऊजी : दोन वर्षं ती त्याच रस्त्यानं गेली. दोन वर्षं त्या नारिंगी टोप्या दिसल्या की गाडी आपोआप मंद व्हायची. मला हसून सांगायची, तुमच्यापेक्षा हिला जास्त अक्कल आहे. कशाला काढलं ते?

टिल्लू : लोकांच्या तक्रारी होत्या. कडेला ठेवलेले शंकू बघूनही थांबते, मागचे येऊन ठोकतात. म्हणून काढलं. आता नुसतं टुंग वाजतं.

भाऊजी : तिला वाटलं फोनवर निरोप आला. टुंग, आणि ही पर्सकडं बघते. तो बिचारा पाठमोरा, वाकून रस्त्यावर पांढरे पट्टे मारत होता. तुला माहितीय तो कसा गेला?

टिल्लू : नको भाऊजी.

भाऊजी : ऐक! चाकाखाली नाही गेला. आधी बॉनेटवर आला. त्याच्या हातातली रंगाची बादली काचेवर फुटली, सगळी काच पांढरी. आणि तुझ्या या हुशार गाडीला वाटलं पाऊस आला. वायपर आपणहून सुरू झाले. पांढऱ्यात लाल, पांढऱ्यात लाल. ही आत बसून बघत होती. पोलिसांनी दार उघडलं तरी ते चालूच होते. अजून हात असे हलतात तिचे, झोपेत. असे. डावीकडं, उजवीकडं.

टिल्लू : मला सातवा बदल माहीत होता.

भाऊजी : काय म्हणालास?

टिल्लू : आमचं प्रशिक्षणाचं सत्र झालं होतं, त्यात सांगितला होता. मी ठरवलं होतं चावी देताना ताईला सांगायचं. इतरांना नाही सांगितलं, पण तिला सांगणार होतो. ती आली, माझ्याकडं बघून म्हणाली, "कुणी कापले रे केस? पावसात भिजलेल्या कोंबड्यासारखा दिसतोयस." मी म्हणालो, "तू आरशात बघ, कोंबडी." हसलो आम्ही. खूप हसलो. ती गेली. मी दुसऱ्या गाडीखाली शिरलो.

भाऊजी : आणि पाच आठवडे तिथंच राहिलास, गाडीखाली.

टिल्लू : साहेब म्हणाले, तू दाबलंस असं बाहेर आलं तर आपण सगळ्यांच्या गाड्यांत दाबलंय ते बाहेर येईल. आणि पहिला आत जाशील तू. म्हणाले, बाईंना काय, पहिलाच गुन्हा, शिक्षिका आहेत, सुटतील. मलाही वाटलं, सुटेल.

भाऊजी : मग तिला का आठवतंय?

टिल्लू : काय?

भाऊजी : बटण. तिनं कधी पाहिलं नाही, तर तिला का आठवतंय? माझ्याकडं बघ. भिंतीकडं नको बघू, भिंतीत काही नाही, मला विचार.

टिल्लू : दार ओढताय तुम्ही. भाऊजी, हाडाला लागतंय.

भाऊजी : बोल!

टिल्लू : दवाखान्यात तिनं विचारलं. हात धरला माझा. म्हणाली, "टिल्लू, तुला कळतं यातलं. मी दाबलं होतं का रे ते?" मी... मी म्हणालो, दाबलं असशील ताई. रोज किती बटणं दाबतो आपण, लक्षात राहतं थोडंच.

गाडी : दार उघडे आहे.

टिल्लू : ती म्हणाली, "हो ना? मलाही तसंच वाटतंय." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "केस वाढले की चांगले दिसतात तुला."

गाडी : दार उघडे आहे.

टिल्लू : भाऊजी?

गाडी : दार उघडे आहे.

टिल्लू : लावा ना दार. लावा! काय बघताय? घ्या घण, हा घ्या, पायाशी आहे तुमच्या. मारा!

भाऊजी : हात काढ.

टिल्लू : नाही काढत. मारा म्हणतो ना!

भाऊजी : काढ हात. माझ्या हातून मोडलास तर मोकळा होशील. चार दिवस पट्टी बांधून फिरशील आणि म्हणशील, झालं, भोगलं. तेवढ्यात नाही सोडत मी तुला. फोन लाव.

टिल्लू : कुणाला?

भाऊजी : कुणाला म्हणजे? मोठा आवाज करून लाव. मला दोन्ही बाजू ऐकू आल्या पाहिजेत.


आवृत्ती ४
नवीन काय : ताई

ताई : टिल्लू? आज बरी आठवण झाली.

टिल्लू : ताई.

ताई : आवाज असा का येतोय? तोंडात काय आहे?

टिल्लू : काही नाही. दात पडला.

ताई : या वयात? तुझे दुधाचे सुद्धा वेळेवर पडले नव्हते. थांब. हे तिथं आहेत का?

भाऊजी : आहे.

ताई : मारलंत त्याला?

भाऊजी : थोडं.

ताई : शोभत नाही तुम्हाला. धाकटा आहे तो. त्याला मारून तो माणूस उठणार आहे का? केलं ते मी केलं. उद्या सही झाली की संपेल सगळं, मग कुणी कुणाला मारायला नको.

टिल्लू : ताई, ऐक. ते बटण मी दाबलं. तू नाही. अकरा बेचाळीसला तू चौथी ब मध्ये होतीस.

ताई : यांनी पढवलंय तुला.

टिल्लू : नाही गं. दवाखान्यात मी खोटं बोललो. भ्यालो होतो. तुझा हात हातात होता तरी खोटं बोललो.

ताई : पण मला आठवतंय रे. अगदी लख्ख. हिरवं गोल बटण, आणि काच गार लागली होती बोटाला.

टिल्लू : ताई, ते बटण हिरवं नाहीये. गोलही नाही. करडी पट्टी आहे, लांबट. आत्ता माझ्यासमोर आहे. तू ती कधी पाहिलीच नाहीस.

भाऊजी : ऐकतेयस ना?

टिल्लू : ताई, बोल ना.

भाऊजी : अगं, आहेस ना तिकडं?

टिल्लू : उद्या सही करू नकोस. मी येतो, अकराच्या आत. सगळ्यांसमोर सांगतो, मला न्यायचं तर नेऊ देत. त्या माणसाच्या घरच्यांनाही मीच सांगेन. ताई?

ताई : टिल्लू.

टिल्लू : हं.

ताई : कुठल्या बोटानं दाबलं होतंस?