तुपाचं गाडगं आणि चार भिक्खू

मंडळी, माणसं एका छपराखाली जेवली-झोपली, की त्यांचा संघ होतो? हो म्हणताय? मग आपापली हाउसिंग सोसायटी आठवा.

शब्द संस्कृत. सम् म्हणजे एकत्र. हन् म्हणजे ठोकणं. ठोकून घट्ट केलेला, तो संघ. कशाने ठोकायचा? ऐका.

डोंगरातलं लेणं, पावसाळ्याचा मुक्काम, चार भिक्खू. बौद्धांत चारांहून कमी असतील तर संघच नाही. तिघं म्हणजे नुसते सोबती. गावाने आजाऱ्यासाठी तुपाचं गाडगं दिलेलं. आजारी कोणीच नाही — आणि तूप खाली चाललंय.

सगळ्यांत धाकटा भद्दिल. त्याचे गाल भरलेले. झालं! सुतसोम धम्मपालाकडे बघतो, धम्मपाल गालांकडे. शेवटी दोघं थोरल्या रेवतांकडे गेले.

"भंते, भद्दिलाला घालवा. तूप चोरतो."

"पाहिलंत?"

"गाल बघा की त्याचे."

रेवत गप्प. मंडळी, तुम्हाला इथेच वास यायला हवा होता.

आपल्याला घालवणार, हे भद्दिलाने ओळखलं, चीवर-पात्र गाठोड्यात बांधून ठेवलं. मुक्काम संपला, प्रवारणेचा दिवस आला. रीत अशी, की प्रत्येकाने उकिडवं बसायचं, हात जोडायचे आणि विचारायचं — माझा दोष पाहिला, ऐकला, किंवा नुसता संशय आला असेल, तर सांगा. संशयसुद्धा, तोंडावर! आणि सुरुवात थोरल्याने.

रेवतांनी विचारलं. दोघं गप्प, त्यांचा संशय धाकट्यासाठी राखून ठेवलेला.

भद्दिल म्हणाला, "भंते, मला आपल्यावर संशय आहे."

"अरे, थोरल्यांवर?" सुतसोम.

"पाहिलं नाही. पण आपण भिंत धरून उठता, आणि गुडघ्यांना तुपाचा वास येतो."

रेवतांनी मान खाली घातली. "सांधे धरलेत. आजारी म्हटलं असतं, तर तूप माझंच होतं. पण मग म्हातारा ठरलो असतो. तुला घालवलं असतं, तरी मी गप्पच बसलो असतो, भद्दिला."

मग धम्मपालाने हळूच विचारलं, "पण मग तुझे गाल?"

"माझ्या भिक्षेच्या आळीत भात चांगला मिळतो, भंते."

भद्दिलाने गाठोडं सोडलं. सुतसोम गाडगं घेऊन रेवतांच्या गुडघ्यांशी बसला. मुक्कामभर चौघं नुसते सोबत होते. संघ त्या दिवशी झाला.

आता मीही हात जोडतो. मंडळी, माझं काही पाहिलंत, ऐकलंत, संशय आला?

...कोणीच नाही?

बरं. म्हणजे चपला घालताना बोलणार.