आयचा आवाज आन् माझा नियम

…आन् वर मलाच इचारते, "हरकत नाही ना, मावशी?" अगं, माझी सख्खी आय त्या बोटाएवढ्या डबीत बसलेय, पेन ड्राईव्ह म्हनतात तिला, आन् मलाच ऐकायची बंदी!

थांबा, तुमाला पयल्यापासून सांगते. बोर्लीच्या वरच्या अंगाला आमची कातकरवाडी, मी तिथली गोदू. माझी आय धोंडूबाई वहाळात खेकडे धरताना गानी म्हनायची, असा गळा, असा गळा की… जाऊ दे. मी पोर होते तवा एक सायेब आला, तिची गानी टेपात भरली, चाय प्याला आन् गेला तो गेलाच! धड इचारलं न्हाय, परत आला न्हाय. आय गेली, गळा मुंबयला कुठल्या कपाटात पडला, देव जाने.

आन् औंदा ही प्राप्ती आली, कालेजातली, वाडीची गानी भरून ठेवायला. गुनाची पोर हो! पन सगळं इचारून. "ओट्यावर बसू, मावशी? हरकत नाही ना?" "हे लिहून घेऊ? हरकत नाही ना?" एकदा शिंक आली तर माझ्या तोंडाकडं बघत थांबली! म्हटलं, शिंक बाय, शिंक!

ती म्हनली, भरलेला आवाज कुनाला ऐकवायचा तेचा नियम वाडीनंच करा, आमी तसं वागू. सगळी बसलो. तवा सगळ्यात मोठ्यानं कोन वरडलं? मी! "जेचा आवाज, तेनं स्वता हो म्हटल्याबिगर कुनालाबी ऐकवायचा न्हाय!" टाळ्या पडल्या. लय भारी वाटलं.

मग प्राप्तीनं काय करावं? मुंबयचं ते कपाट धुंडून आयची गानीच घेऊन आली! मी पदर सावरून बसले, डोळे मिटले… तर सदा, आमच्या वाडीचा म्होरक्या, घसा खाकरतो, "गोदू, नियम तुझा. धोंडूबाईला इचारलंस?" अरे मुडद्या, कुठं जाऊन इचारू? डबीत हाय ती, तूच इचार की!

नियम बदलायचा तर सगळी वाडी बसाय होवी, आन् निम्मी वाडी वीटभट्टीवर, पावसाच्या तोंडाला येनार. तवर डबी माझ्याकडं. उशाशी घेऊन निजते. जिती होती तवा घटकाभर गप बसली न्हाय, आन् आता कान लावते तर हूं न्हाय की चूं न्हाय. गानं नको गं आय, नुसती "गोदे" म्हनून हाक मार… येवढंच.

प्राप्ती म्हनते, "वाट बघायला हरकत नाही ना, मावशी?"

हाय गं बाय, लय हरकत हाय! पन उद्या कुनी नियम मोडला, तर पयली हरकत घ्यायला मीच उबी ऱ्हानार ना!