ताईचा फोन आणि डावा खांदा

हॅलो?… हॅलो, हां ताई, बोल… आत्ताच आले गं, चपला काढतेय… हो, जाऊन आले. दुकानातून परस्पर गेले… त्याच बाई गं, ऑस्टिओपॅथ. तूच नाही का माझा पिच्छा पुरवलास? सायकलच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर… सांगते, सगळं सांगते, जरा टेकू दे… थांब हं… अगं बाई, बघ, परत गेला… काही नाही, फोन हातात घेतला. बोल.

नाही, कडाकड काही मोडलं नाही त्यांनी. मलाही तीच धास्ती होती. मी आपली दात आवळून पडलेले, आता मान पिरगळतील, मग पिरगळतील… कसलं काय! हळूहळू दाबतात, हात धरून फिरवतात, श्वास सोडा म्हणतात. पालथं झोपायचं, टेबलाला तोंडापुरतं भोक. त्यातून मला नुसत्या त्यांच्या चपला दिसत होत्या. एका चपलेची शिवण उसवलेली. मनात म्हटलं, द्या इकडे, शिवून देते… हो गं, मसाजच वाटतो, पण तसा नाही. कुठला सांधा अडतोय, कुठला स्नायू ताठलाय, ते हातांनी चाचपतात, मग सैल करतात… गुण? आज जरा हलकं वाटतंय. पण लगेच हुरळून जाऊ नका म्हणाल्या. दोन-तीन खेपा करून बघू, आणि हाताला मुंग्या आल्या, बधिर झाला, तर माझ्याकडे नको, आधी डॉक्टरकडे पळा. हे स्वतःहून सांगितलं, ते बाई मला आवडलं.

तुझं काय? जेवलीस?… बरं… नाही, काही नाही, कुठे गप्प आहे? दमलेय… ताई, म्हणजे तसं एक सांगायचंय. पण नको. तू गैरसमज करून घेशील… घेशील! मी ओळखते ना तुला. जाऊ दे, उद्या बोलू…

नाही गं, गाठ नाही!… नाही, खरंच नाही! अगं रडायला काय लागलीस? … माहीत आहे मला, भाऊजींचंही खांद्यापासूनच सुरू झालं होतं. तसं काही नाही. तुझी शपथ. एक्स-रे स्वच्छ आहे, तपासण्या सगळ्या स्वच्छ. कारण सापडलंय, आणि अगदी फालतू कारण आहे… सांगते. पण मध्ये बोलायचं नाही. कबूल?

तर त्यांनी विचारलं, काम काय करता. म्हटलं, अल्टरेशनचं. पँट आखूड करा, झिपा बदला, दिवसभर मशीनवर वाकून. म्हटलं, खुर्ची बदलली, उशी बदलली, बहिणीने पट्टा पाठवला, तेल पाठवलं, शेकायची पिशवी पाठवली… हो, तुझं नाव सांगितलं, काळजी करू नकोस. तर म्हणाल्या, मशीनचं दुखणं असतं तर दोन्ही बाजूंना थोडंफार जाणवलं असतं. तुमचा डावाच खांदा इतका का? … मला काय माहीत का ते! मी म्हटलं, नशीब.

तेवढ्यात फोन वाजला… कोणाचा म्हणजे? तुझाच! ‘पोचलीस का’ म्हणून केला होतास तो. मी घाईत ठेवला नाही का?… हां, तोच. तर मी टेबलावर उठून बसले, फोन घेतला आणि लावला इथे. मान वाकडी, खांदा वर, मध्ये फोन. आणि दोन्ही हात मांडीवर. रिकामे गं! हातात सुई नाही, कापड नाही, सुरी नाही, काही म्हणता काही नाही. तरी फोन खांद्यावर! बाई म्हणाल्या, ‘तशाच थांबा, हलू नका.’ आणि भिंतीवरच्या आरशाकडे मला वळवलं… काय दिसणार? ध्यान दिसलं! खुंटीवर वाकडा अडकवलेला कोट असतो ना, तश्शी.

मग विचारलं, असं रोज किती वेळ? म्हटलं, संध्याकाळी ताईचा फोन असतो. भाजी चिरताना, इस्त्री करताना, घरी आणलेलं काम उरकताना. भाऊजी गेल्यापासून रोज… रोज म्हणजे रोजच की. खोटं कशाला सांगू?…

बघ. बघ! म्हणून सांगत नव्हते मी… मी कुठे म्हटलं फोन करू नकोस?… नाही, त्याही तसं नाही म्हणाल्या. त्या म्हणाल्या, फोन हातात धरा… आठवड्यातून एकदा? कोणी ठरवलं आठवड्यातून एकदा? तुझं तूच ठरवून मोकळी!… ताई, तुझ्यामुळे नाही दुखत, माझ्या धरण्यामुळे दुखतं… ओझं कुठून आलं यात? मी ‘ओझं’ म्हटलं का? … अगं ऐक ना… ठेवू नकोस. ताई, ठेवायचा नाही हं फोन, मी सांगून ठेवते…

स्पीकरवर? सासूबाई पलीकडे कान टवकारून बसल्यात. परवा तू त्यांच्याबद्दल जे काही बोललीस ना, ते स्पीकरवर गेलं असतं तर मी आज तुझ्या दारात असते, बॅगेसकट… हां, हसलीस. बरं झालं… हेडफोनचं नको काढूस. वायरवाल्याची वायर मशीनच्या चाकात गेली. बिनवायरचा आणला, तर त्यातला एक कोणाच्या तरी पँटच्या खिशात शिवला गेला. अजून कोणी परत आणून दिलेला नाही.

तो नळ बंद कर गं जरा, काही ऐकू येत नाही. भांडी कसली आपटतेयस? … थांब. थांब थांब. तुझा फोन कुठाय आत्ता?… कुठे? … खांद्यावर! कुठल्या?… उजव्या. आणि मान कुठल्या बाजूची दुखते म्हणून परवा कण्हत होतीस?… ऐकलंस? स्वतःचं स्वतः ऐकलंस ना? आणि मला पट्टे पाठवतेय ही!… हो, मीही हसतेय. हसले की कळ येते, हसवू नकोस.

ताई, एक विचारू?… एकट्या माणसाची भांडी किती असतात गं?

…नाही, सहज. ताट, वाटी, एखादं पातेलं. रोज माझ्याशी बोलताना एवढा वेळ नळ चालू असतो, म्हणून… हॅलो? … आहेस ना?

काय?… धुतलेलीच परत धुतेस? … रोज? … पण का?

…मला काय वाटेल?… रिकामी बसलीय, उद्योग नाही, म्हणून बहिणीला पिडते, असं? असं वाटेल मला? वेडी आहेस का तू? … हो, मी म्हणते. ‘तू बोल, मी काम करतेय’, रोज म्हणते… म्हणून तूही?…

…

आहे गं. आहे इथेच.

ताई, मी फार दमलेय. खरंच… तुझ्यामुळे नाही, सगळ्यानेच. दुकान, घर, हा खांदा. पण तुझा फोन आला नाही ना, तर ही संध्याकाळ कशी ढकलायची हे मलाही कळायचं नाही. परवा तुला उशीर झाला तर मी इस्त्री थंड करून बसले होते… सांगायचं काय त्यात? तुला ठाऊक असेल असं वाटलं.

आता मी सांगते ते कर. नळ बंद. ते ताट खाली ठेव, ते स्वच्छ आहे. हात पूस… पुसलेस? फोन हातात घे. आता खुर्ची घे. ती नको, लाकडी नको, कोपर टेकवायला हवं. खिडकीजवळची घे… माहीत आहे भाऊजींची आहे… अजून कोणीच बसलं नाही? … मग आज बस. कोणीतरी बसायलाच हवं ना तिच्यावर?… सावकाश. मीही बसते. हे घे, बसले.

बसलीस?… हं… मऊ आहे ना? … हं.

…रड. रडून घे, मी कुठे जात नाही… नाही, काही शिवत नाहीये. काही चिरत नाहीये. नुसती बसलेय.

…हो, सासूबाईच हाक मारतायत. मारू दे.

…पुढच्या खेपेला दोघींची वेळ घेते त्या बाईंकडे. तू सकाळच्या बसने ये, बसमध्ये मुद्दाम मान वाकडी करून झोपू नकोस… ठेवायचा? आता? … पण रोज मीच आधी ठेवते. आज तू?… बरं. बरं, ठेव… हो गं, हातातच आहे.