सात नंबरचा बिल्ला

बंदरावरच्या मंडळींनो, सोसायटीच्या या शेडमध्ये मी आजवर आलो तो हातात पाना घेऊनच. रिकाम्या हातानं बोलायचं कसं, मला ठाऊक नाही. म्हणून कागदावर लिहून आणलंय. अडखळलो तर सांभाळून घ्या.

उस्मानचाचा गेले. नाटे बंदराचा जुना तांडेल, होडी हाकणारा, गेला, असं तुम्ही म्हणाल. माझा गुरू गेला.

मशीन मला कुणी शिकवलं नाही. सातवीनंतर शाळा सुटली. होडीचं डिझेल मशीन उघडून, पुन्हा जोडून, मी माझा मीच शिकलो. त्याचा मला अभिमान आहे. पण धंदा? धंदा येत नव्हता. येईल त्याला 'उद्या देतो' म्हणायचो. एक दिवस चाचा माझ्या दुकानाच्या दारात उभे राहिले. आत चार मशीनं उघडी. म्हणाले, "सदा, चार उघडलीस. बंद किती केलीस? याचा बोल्ट त्याला लावशील नि दोघांना बुडवशील."

दुसऱ्या दिवशी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दहा बिल्ले घेऊन आले. खिळ्यानं ठोकून आकडे घातलेले. "नंबर लागंल त्यानंच मशीन आनायचा. तोवर बिल्ला खिशात. माज्यासाठी पन नंबर मोडायचा नाय." मग विचारलं, "सुटे भाग आनायला रत्नागिरीला कधी जातोस?" म्हटलं, शुक्रवारी. कपाळाला हात लावला त्यांनी. "शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला सगल्या होड्या किनाऱ्याला, नि मेकॅनिक एसटीत! बुधवारी जा."

बुधवारी जाऊ लागलो. कामं वेळेत होऊ लागली. मग भिंतीवर एक पाटी लावली: काम चालू असताना गप्पा मारू नयेत. ती पाटी चाचांची नव्हे. माझी.

या गणपतीनंतर चाचा आले आणि सात नंबरचा बिल्ला घेऊन गेले. मी विचारलं, धूर काळा की पांढरा? म्हणाले, "कधी काला, कधी पांढरा." मी ओळखलं, नोझल गेलंय. बुधवारी रत्नागिरीहून नवं नोझल आणलं.

रोज दहाला यायचे, दाराजवळच्या खोक्यावर बसायचे. नंबर जवळ आला की मागच्याला पुढे सोडायचे. "त्याचा आधी कर, त्याला उद्या भायेर जायचाय." असं दोन महिने.

माती देऊन परत आल्यावर मी त्यांच्या पुतण्याला, रफिकला म्हटलं, "मशीन सकाळी पाठव. नोझल आणून ठेवलंय." तो म्हणाला, "सदाभाऊ, मशीन कुठचा? होडी गणपतीच्या आधीच विकली चाचांनी." आणि खिशातून बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. चाचांच्या सदऱ्यात सापडला होता.

सगळ्या बंदराला माहीत होतं. इब्राहिम, तू त्यांच्या शेजारी बसायचास. तुला माहीत होतं ना? मान खाली घालू नकोस, मला राग नाही. मला सांगणार कोण? भिंतीवर पाटी होती.

घरात बाई नाही. मुलगा कुवेतला. होडी गेल्यावर त्या माणसानं सकाळी दहाला जायचं कुठे? तासभर बसायचे. दुसऱ्याचा नंबर पुढे करण्यापलीकडे एक शब्द नाही. माझ्या पाटीसाठी एक शब्द नाही. आणि मी पाठ करून पाना फिरवत होतो. बोल्ट किती आट्यांनी सैल आहे ते मला आवाजावरून कळतं. हे कळलं नाही. माझ्याकडे नुसतं बसायला त्यांना नंबर घ्यावा लागला, मंडळी. त्यांनीच कापलेला बिल्ला.

पाटी मी काढली. आज दहाला दोन गिऱ्हाइकं आली. दोघंही गप्प बसली. सवय झालीय.

सात नंबर आता खुंटीवरच राहील. सहानंतर आठ.

चला, उभे राहूया. किती मिनिटं, ते मी घड्याळात बघणार नाही. चाचा माझ्यासाठी जेवढे गप्प बसले, त्यातलं थोडं त्यांना परत देऊया.

उस्मानचाचा, सलाम. नंबर नसला तरी या.