चंदनाखालचा नंबर

आमच्या आईची आयुधपूजा, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाड्या-अवजारांना चंदन-कुंकू लावणं, अप्पांना आयुष्यात एकदाच पटली, ती कशी ते ऐका. एकोणीसशे नव्वदनंतर तंजावरला परदेशी माणसं वरचेवर यायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. अप्पांनी आजोबांची जुनी इटालियन मोटार सात वर्षं खपून पुन्हा उभी केली होती. ती अस्सल आहे का, हे बघायला इटलीहून एक म्हातारा तज्ज्ञ आला. त्यानं बॉनेट उघडलं आणि विचारलं, "गाडीवर कोरलेला मूळ नंबर कुठाय?"

नंबर दिसेना. अप्पा ओरडले, "रंगाऱ्यानं घासून टाकला वाटतं!"

रंगारी शेजारीच उभा होता. "मी नाही, सार! तिथं अम्मांचं चंदन होतं. देवाचं म्हणून मी हातच लावला नाही."

आई गरम पाणी घेऊन आली. दर आयुधपूजेला त्याच जागी लावलेले चंदन-कुंकवाचे थर तिनं पुसून काढले. खालून एकेक आकडा लख्ख निघाला. अप्पांनी आईपुढे हात जोडले.

तज्ज्ञ म्हणाला, "कमाल आहे! अशा बहुतेक गाड्यांचे नंबर गंजून गेलेत."

अप्पांनी ते आईला मराठीत सांगितलं.

"गंजणारच," आई म्हणाली, "त्यांच्या घरी कुठली आयुधपूजा!"