काठावरची तीस वर्षं

‘साठ वर्षांपुढील व्यक्तींना पोहण्याच्या वर्गात प्रवेश नाही’ असा कागद ज्या साहेबाने तलावाच्या खिडकीवर चिकटवला, त्याने चालत्याबोलत्या माणसांना अडगळीत टाकलं आहे. उन्हाळी वर्गाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका शिंप्याने तो कागद वाचला, तेवढ्यात त्याच्या पुढच्या आजीबाई खिडकीतल्या कारकुनाशी बोलू लागल्या.

“एक अर्ज नातीचा, एक माझा.”

“आजी, तुमचं वय?”

“चौसष्ट. लपवू कशाला?”

“मग नाही जमायचं. तुम्ही काठावर बसा, नातीकडे बघा.”

“तीस वर्षं याच तलावाचे टॉवेल धुतले रे बाळा. काठ बघून झाला. यंदा आत उतरायचंय.”

“झेपेल का तुम्हाला?”

“महिनाभर स्टुलावर पालथी पडून पाय मारतेय. नात शिकवते. सुनेचं दुधाचं पातेलं लवंडलं, पण आता दम लागत नाही.”

रांगेत हसू पसरलं. शिंप्यालाही राहवेना.

“मावशी, पोहायचा पोशाख आहे का?”

“माझ्या अंगाचा कुठे मिळतोय?”

“माप द्या. परवा शिवून देतो.”

“अहो, तुम्ही त्यांना आणखी चढवू नका. नियम वरून आलाय,” कारकून शिंप्याला म्हणाला.

“वरून आलाय ना? मग वर फोन लाव,” आजीबाई म्हणाल्या.

कारकुनाने रांगेकडे पाहिलं आणि फोन उचलला.

“साहेबांना सांग, डॉक्टरांनी मला धडधाकट म्हणून लिहून दिलंय. आता त्यांनी या सगळ्यांसमोर बोलावं, मी पाण्यात का उतरायचं नाही?”